आधुनिक नाण्यांची ग्रेड आणि किंमत : या चुका टाळा

नाणे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आहे, एवढ्यावरून त्याला किंमत येत नाही. १९५७ साली दशमान पद्धत सुरू झाल्यापासून भारतीय टांकसाळींनी रोजच्या वापरातली बहुतेक नाणी प्रचंड संख्येने पाडली, आणि त्यांपैकी कितीतरी आजही घरोघरच्या डब्यांत पडून आहेत. दुर्मीळ आहे तो नाण्याचा मूळ, कोणाचाही हात न लागलेला पृष्ठभाग. म्हणूनच वर्षानुवर्षे गल्ल्यात आणि खिशात फिरलेले नाणे दर्शनी मूल्याच्या फारसे वर जात नाही, पण त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे नाणे चलनात न फिरलेल्या, म्हणजे अनसर्क्युलेटेड अवस्थेत (संग्राहकांच्या भाषेत ‘यूएनसी’) असले, तर त्यासाठी कित्येक पट रक्कम मोजायला लोक तयार असतात. या फरकाचे भान नसल्यामुळे होणारे बहुतेक नुकसान मालकाच्याच हातून होते आणि ते भरून काढता येत नाही.

नाणे घासणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. काळवंडलेले नाणे दिसले की चिंच, लिंबू-मीठ, टूथपेस्ट किंवा भांडी घासण्याची पावडर हाताशी घेतली जाते. नाणे चकाकते, पण ही चकाकी खोटी असते. नाणे पाडताना ठशांच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. नाणे एका दिव्याखाली हळूहळू फिरवले की या रेषांमुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. यालाच लस्टर म्हणतात. घासल्याने या रेषा मोडतात, त्यांच्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे, म्हणजे हेअरलाइन, उमटतात आणि प्रकाश फिरण्याऐवजी सपाट परावर्तित होतो. नाण्याची अवस्था तपासून ग्रेड देणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या संस्था सहसा अशा नाण्याला अंकी ग्रेड देत नाहीत. नक्षी किती शिल्लक आहे एवढे सांगून ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. १९५७ ते १९६२ या काळातल्या काशाच्या एका नव्या पैशाच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट असतो, कारण तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या नाण्यांची किंमत मूळचा लाल रंग किती टिकला आहे यावरही ठरते. तपकिरी झालेले नाणे घासून पुन्हा लाल करता येते, परंतु तो रंग अनुभवी डोळ्याला क्षणात ओळखू येतो.

मग हिरवट, चिकट थर आला असेल तर काय करावे? हा थर बहुधा मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आलेला असतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे काही वेळ बुडवून ठेवावे, घासू नये; मग स्वच्छ ॲसिटोनने पुन्हा धुऊन सुकू द्यावे. काचेचे भांडे वापरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, कारण त्यात सुगंध आणि तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. थराने धातू आधीच खाल्ला असेल तर खड्डा राहणारच, तेथे थांबावे.

झीज आणि कमजोर छाप यांची गल्लत

१ ते ७० अंकांची शेल्डन श्रेणी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली गेली. आज तिच्यातले ६० ते ७० हे अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत. आधुनिक नाण्यांचा बाजार मुख्यतः याच पट्ट्यात आहे, आणि नवख्या संग्राहकाची गल्लतही इथेच होते. सिंहमुद्रेच्या आयाळीतले तपशील पुसट दिसले की तो नाणे वापरलेले ठरवतो. प्रत्यक्षात ठसा झिजलेला असल्यामुळे किंवा दाब कमी पडल्यामुळेही छाप पुसट येते, विशेषतः स्टेनलेस स्टीलच्या कठीण चकतीवर. निर्णय लस्टरवर करावा : पुसट भागावरही प्रकाश अखंड फिरत असेल तर छाप कमजोर आहे, उंच भागावर तो तुटून राखाडी डाग दिसत असेल तर ती झीज. याउलट, एकही दिवस न वापरलेल्या नाण्यावरही पिशवीत एकमेकांवर आदळल्याच्या खुणा असतात. त्यांनी नाणे ‘वापरलेले’ ठरत नाही, ग्रेड मात्र खाली येते. तपासणी पाच ते सात पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने करावी. त्याहून तीव्र भिंगाखाली प्रत्येक नाणे वाईटच दिसते.

प्रूफ ही ग्रेड नसून नाणे घडवण्याची पद्धत आहे, हेही विसरले जाते. चमकवलेले ठसे आणि चमकवलेली चकती यांमुळे त्याची पार्श्वभूमी आरशासारखी होते. बोटाचा ठसा उमटलेले प्रूफ नाणे प्रूफच राहते, फक्त त्याचा अंक कोसळतो. आणि पॉलिश केलेले साधे नाणे कधीही प्रूफ होत नाही. टांकसाळीचे मूळ पॅकिंग उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

साठवण

मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेतला दमटपणाच सर्वांत घातक ठरतो. मायलारची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटे किंवा कठीण प्लास्टिकच्या कॅप्सूल वापराव्यात, जवळ सिलिका जेल ठेवावे आणि ते वेळोवेळी बदलावे. रबरबँड अजिबात नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाणे नेहमी कडेला धरावे.

जाहिरातीवरून किंमत ठरवणे

माता वैष्णोदेवीच्या चित्राचे २०१२ सालचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकले जाते, असे संदेश अजूनही फिरतात. जुन्या नाण्या-नोटांच्या अशा बनावट व्यवहारांत आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. वापरातले असे नाणे हाती असेल तर त्यासाठी कोणतेही ‘नोंदणी शुल्क’ भरू नये.

स्लॅबच्या, म्हणजे ग्रेडिंग संस्थेने अंक देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या नाण्याच्या बाबतीतही हिशेब आधी करावा. केवळ संग्राहकांसाठी काळजीपूर्वक पाडलेल्या आधुनिक स्मारक नाण्यांना ६९ किंवा ७० अंक मिळणे विशेष नसते, त्यामुळे त्या अंकासाठी अवाजवी रक्कम देऊ नये. उलट चलनासाठी पाडून पिशव्यांत ओतलेल्या नाण्याला ६७ मिळाले, तर ते खरोखरच दखल घेण्याजोगे आहे. ग्रेडिंगचे शुल्क, विमा आणि टपालखर्च मिळून नाण्याच्या अपेक्षित किमतीपेक्षा अधिक होत असेल, तर ते नाणे कॅप्सूलमध्येच ठेवावे आणि विकताना दोन्ही बाजूंची, तिरप्या प्रकाशात घेतलेली, न सुधारलेली छायाचित्रे ग्राहकाला द्यावीत.