दम्याच्या नव्या इंजेक्शनच्या चाचणीला जाताना

फुंकायच्या दिवशी, म्हणजे यंत्राच्या नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजतात त्या दिवशी, सकाळी पंप ओढायचा नाही. बरोबर न्यायचा, पण ओढायचा नाही. तिथे एकदा फुंकायला लावतात, सालब्युटामॉल (श्वासनळ्या झटपट मोकळ्या करणारं औषध) देतात आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सहसा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढावी लागते. घरूनच पंप घेऊन गेलात तर नळ्या आधीच मोकळ्या झालेल्या, मग वाढणार काय? माझं मागच्या वेळी इथेच फिसकटलं. सालब्युटामॉल साधारण 6 तास बंद, जास्त वेळ टिकणारा फॉर्मोटेरॉलवाला पंप 12 ते 24 तास, म्हणजे आदल्या रात्रीचा डोससुद्धा बघावा लागतो. नेमके तास चाचणीच्या समन्वयकाकडून लिहून घ्या, तोंडी नको. दम लागला तर मात्र सरळ पंप घ्या आणि फोन करा, फार तर तारीख पुढे जाईल.

संमतीपत्र त्याच्या आधी. सहीशिवाय कोणी पंप बंद ठेवायला सांगत असेल तर तिथून उठा. मराठी प्रत मागा, घरी आणून वाचा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे त्यात असलंच पाहिजे, औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत ते आहे. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषध चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांकही विचारा.

कागदांत आधारबिधार सगळे नेतात. राहतात ते गेल्या वर्षभरातल्या अटॅकचे. स्टेरॉइडच्या गोळ्या कधी लागल्या याची चिठ्ठी हवी. ‘डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं’ याला पुरावा म्हणत नाहीत. नुकताच कोर्स झाला असेल तर लपवू नका, रक्तातल्या इओसिनोफिल्स नावाच्या पांढऱ्या पेशी त्याने खाली जातात. ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब ही दम्याची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा, मध्ये काही महिने जावे लागतात.

निवड झाली म्हणजे औषधच मिळेल असं नाही. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं दिखाव्याचं इंजेक्शनही वाट्याला येऊ शकतं आणि सहसा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणून रोजचा पंप चालूच. फक्त फुंकायच्या दिवशी सकाळी नाही! पहिल्यांदाच नव्हे, दर वेळी. फ्रिजवर चिठ्ठी लावा, घरच्यांना सांगून ठेवा, सवयीने हात जातोच.

इंजेक्शननंतर थांबवतात तेवढं थांबा, रिॲक्शन बघायची असते. डायरी रोज भरा, आठवड्याची एकदम नको. प्रवासाच्या पावत्या ठेवा. रात्री त्रास झाला तर फोन करायचा त्यांचा नंबर मोबाइलमध्ये.