फ्लूसाठी फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी: स्लाइड बनवताना आणि वाचताना

सांगली-मिरजेकडे पाऊस लागला की फ्लूचे नमुने वाढतात, आणि हीच दमट हवा या चाचणीच्या स्लाइडी बिघडवते. त्यामुळे पावसाळ्यात सुकवण्याकडे जास्त लक्ष द्यावं.

या चाचणीत चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडीनं विषाणूची प्रथिनं पेशीच्या आत पाहायची असल्यानं नमुन्यात पेशी हव्यातच. नायलॉनचा फ्लॉक्ड स्वॅब नाकाच्या पार मागच्या भागापर्यंत नेऊन फिरवावा. नाकपुडीतला शेंबूड चालत नाही. नमुना व्हीटीएममध्ये (विषाणूचा नमुना नेण्याच्या द्रवात), २ ते ८ अंशांवर, शक्यतो त्याच दिवशी पोहोचावा. गोठवला तर पेशी फुटतात. पीसीआरला तसा नमुना चालेल, इथं नाही.

पुढचं सगळं काम वर्ग २ च्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. नमुना ४०० ते ५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोरावर) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करावा, बंद रोटरनं. वरचं पाणी काढून पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त मिठाचं द्रावण, पीएच ७.२ ते ७.४) धुवावा. चिकट शेंबूड राहिला तर पुन्हा धुवावा, कारण त्यात अँटिबॉडी अडकते आणि सगळीकडे पिवळट-हिरवा धूर दिसतो. शेवटी द्रव जेमतेम गढूळ दिसेल इतकाच पीबीएस घालावा. टेफ्लॉनच्या खणांच्या स्लाइडवर प्रत्येक खणात २५ मायक्रोलिटर सोडावा: एक फ्लू ए साठी, एक फ्लू बी साठी, एक नियंत्रण अँटिबॉडीसाठी (जी फ्लू ओळखत नाही).

स्लाइड पूर्ण सुकू द्यावी. ओलसर स्लाइड अ‍ॅसिटोनमध्ये गेली की पेशी धुऊन जातात किंवा पांढुरकी झाक येते. थंड अ‍ॅसिटोनमध्ये १० मिनिटं ठेवून बाहेर काढल्यावर दमट हवेत तिच्यावर दव धरतं. तेव्हा ती पुन्हा सुकवूनच पुढं जावं. अ‍ॅसिटोनची बाटलीही उघडी ठेवू नये, तो हवेतलं पाणी ओढतो. अ‍ॅसिटोन दिला म्हणून स्लाइड निर्धोक झाली असं समजून हातमोजे काढू नयेत.

आता एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेली, न्यूक्लिओप्रोटीन हे विषाणूचं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी (नियंत्रणाच्या खणात नियंत्रण अँटिबॉडी) प्रत्येक खण झाकेल इतकी, २५ ते ३० मायक्रोलिटर. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू घालून त्यात स्लाइड ३७ अंशांवर, अंधारात, किटमध्ये सांगितलेला वेळ (बहुधा १५ ते ३० मिनिटं) ठेवावी. थेंब कडेनं सुकला तर कडेच्या पेशी खोट्या चमकतात. मग पीबीएसनं हलकेच धुऊन अल्कधर्मी ग्लिसरॉलवर कव्हरस्लिप ठेवावी. माध्यम आम्लाकडं झुकलं की एफआयटीसी मंदावतं, तेव्हा जुनी बाटली वापरू नये.

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली वाचताना २०० पटीवर शोध, ४०० पटीवर खात्री. इव्हान्स ब्लू या पार्श्वभूमीच्या रंगामुळे बाधा नसलेल्या पेशी लाल दिसतात. बाधित स्तंभाकार पेशीत केंद्रक सफरचंदी हिरवं, किंवा पेशीद्रवात हिरवे कण, किंवा दोन्ही. न्यूक्लिओप्रोटीन पेशीद्रवात तयार होऊन केंद्रकात जातं, म्हणून चमकण्याचे हे दोन्ही प्रकार खरे. पेशीबाहेरचा हिरवा ठिपका मात्र मोजू नये. या भागात आणखी एक भानगड: हळदीतलं कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट-पिवळं चमकतं. बाजारसमितीत हळद हाताळणाऱ्याच्या नाकातले कण त्यामुळे फसवू शकतात. ते नियंत्रणाच्या खणातही दिसले तर निकाल सरळ बाद. पांढऱ्या पेशी आणि चपट्या पेशीही अँटिबॉडी धरून ठेवतात, त्या पाहून होकार देऊ नये.

पेशीच पुरेशा नसतील तर ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘नमुना अपुरा’ असं लिहावं. किती पेशी हव्यात ते किटच्या पत्रकात असतं. नमुना पुरेसा असून निगेटिव्ह आला, पण रुग्णाला श्वास लागत असेल, तर तो आरटी-पीसीआरला पाठवावाच, कारण ही चाचणी त्याच्याइतकी संवेदनशील नाही. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन्ही नियंत्रण स्लाइडी रोज आधी वाचाव्यात. पॉझिटिव्ह चमकली नाही तर दिवसाचे निकाल देऊ नयेत.

स्लाइडी त्याच दिवशी वाचाव्यात. एकाच जागी दिवा रोखून ठेवला की रंग उडतो. मर्क्युरी दिवा असेल आणि मधेच वीज गेली, तर तो पूर्ण थंड झाल्याशिवाय, साधारण अर्धा तास, पुन्हा पेटवू नये. एलईडीवाल्या सूक्ष्मदर्शकाला ही कटकट नाही.