मे महिना सोडून बेटावर जायचंय? आधी वारा कुठून येतो ते बघा

दरवर्षी जुलै आला की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हा विषय निघतोच. मे मधे जमलं नाही, कोणाची दहावी, कोणाचं लग्न, आता दिवाळीत नाहीतर डिसेंबरात कुठलंतरी बेट करायचंय, कुठलं चांगलं? मग जो तो आपण जाऊन आलेलं नाव फेकतो, अंदमान एक नंबर, बाली बघाच, आणि समोरचा नेमका कधी जाणार आहे हे कोणी विचारतच नाही. मी पण असाच फसलोय म्हणून लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही थायलंडच्या कोह समुईला गेलो. एजंट म्हणाला नोव्हेंबरला थायलंडचा सीझन चालू होतो, आणि तो अगदी खोटं बोलत होता असं नाही, फक्त तो सीझन फुकेत आणि क्राबीचा. समुई पलीकडच्या अंगाला, थायलंडच्या आखातात आहे, आणि तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच धो धो पावसाचा मोसम, त्यातही नोव्हेंबर सगळ्यात ओला. पाच दिवसांतले साडेतीन दिवस खोलीत बसून पत्ते कुटले आणि घरून नेलेला चकल्यांचा डबा दुसऱ्याच दिवशी संपला. तेव्हा कळलं की देश बघून बेट ठरवायचं नसतं, बेटाची बाजू बघायची असते.

हे आपल्याला खरं तर कोणी शिकवायची गरज नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे, कारण ढग डोंगरावर आपटून रिकामे होतात आणि आपण आडोशाला राहतो. ताम्हिणीत वायपर फुल स्पीडला असतात आणि त्याच वेळी हडपसरला ऊन पडलेलं असतं. बेटांचंही हेच आहे. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिम किनारे झोडपले जातात. साधारण ऑक्टोबरअखेरपासून तो उलटा, ईशान्येकडून वाहायला लागतो आणि पूर्व किनाऱ्यांची पाळी येते. आपल्या सुट्टीत आडोशाची बाजू कुठली, एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

श्रीलंका याचं सगळ्यात सोपं उदाहरण. डिसेंबर ते मार्च बेंतोटा, गॉल, मिरिसा ही नैर्ऋत्येची बाजू छान असते. जुलै-ऑगस्टमधे जायचं असेल तर तिकडे अजिबात नको, सरळ पूर्वेला त्रिंकोमाली किंवा पासिकुडा गाठा, तिथे मे ते सप्टेंबर समुद्र शांत असतो. म्हणजे एकच बेट, दोन सीझन. गोची फक्त दिवाळीची, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ असतो आणि तेव्हा जवळजवळ सगळीकडेच दुपारनंतर धुवून काढतो. मलेशियातही तेच, पश्चिमेचं लंकावी डिसेंबर-जानेवारीत मस्त, पण पूर्वेची पेरहेन्तियान, रेदांग ही बेटं तेव्हा जवळपास बंदच असतात, रिसॉर्टवाले कुलूप लावून घरी जातात.

विषुववृत्ताच्या खाली गेलात की कॅलेंडर फिरतं, आणि आपल्याकडची निम्मी मंडळी इथेच घसरतात. ख्रिसमसच्या सुट्टीत बाली म्हणजे ऐन पावसाळा आणि वर पीक रेट, दोन्ही मार एकदम. बालीत कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर, त्यातही जुलै-ऑगस्टला ऑस्ट्रेलियन आणि युरोपियन लोकांची झुंबड असते, म्हणून मला विचाराल तर सप्टेंबर बेस्ट. (मार्चमधे न्येपी हा तिथला मौनाचा सण असतो, त्या दिवशी अख्खं बेट गप्प, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद, तर तिकीट काढताना तारीख बघा.) मॉरिशस अजून खाली, तिथे जुलै-ऑगस्ट म्हणजे हिवाळा, पाणी गार आणि पूर्व किनाऱ्यावर वारा सणसणीत, म्हणून तेव्हा पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लाकच्या बाजूला राहायचं. जानेवारी ते मार्च तिकडे चक्रीवादळांची भीती असते, ते महिने सोडाच. ऑक्टोबर मात्र झकास, त्यामुळे दिवाळी लवकर आली असेल तर मी पहिलं नाव मॉरिशसचं घेईन. आणि गणपतीत गेलात तरी चुकल्यासारखं वाटणार नाही, तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, जी आमच्या ऑफिसात मागून घ्यावी लागते.

आता अंदमान, कारण शेवटी निम्मे लोक तिथेच जातात. अंदमानला दोन्ही वारे लागतात, पावसाळा आपल्या आधी म्हणजे मे च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो आणि परतीचा पाऊस नोव्हेंबरातही रेंगाळतो. म्हणून दिवाळी तिथे जुगार आहे, जानेवारी ते मार्च खात्रीचे. अजून एक, घड्याळ आपलंच पण बेट खूप पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. राधानगर बीचवर सूर्यास्त बघायचा म्हणून दुपारी झोपलात तर संपलं. तिथे पहाटे उठून चारपर्यंत सगळं उरकायचं, पुणेकराची एक ते चार झोप तिथे चालत नाही.

लक्षद्वीप ऑक्टोबर ते मे च्या मध्यापर्यंत ठीक, पण परमिट लागतं, विमान अगत्तीपर्यंतच जातं, कोचीहून जाणारी जहाजं मोजकी आणि राहायच्या जागाही मोजक्या. आठ दिवस आधी ठरवून जायची ही जागाच नाही, दिवाळीसाठी जून-जुलैतच हालचाल करा. दारूबंदी आहे, फक्त बंगारम बेटावर चालतं, हे ग्रुपमधल्या संबंधितांना आधीच सांगून ठेवा.

मालदीवचं जरा वेगळं. कोरडे महिने साधारण डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल, तेव्हा भाव आभाळाला भिडलेले असतात. पण जुलै ते ऑक्टोबरच्या ओल्या मोसमात रिसॉर्टचे रेट बरेच उतरतात आणि बा अटॉल या तिथल्या बेटांच्या कड्यातल्या हनिफारू बे या खाडीत मांटा रे नावाचे प्रचंड मासे त्याच महिन्यांत घोळक्याने येतात, कारण वाऱ्या-प्रवाहांमुळे त्यांचं खाणं तिथे गोळा होतं. म्हणजे ज्याला फक्त निळं आकाश हवंय त्याने फेब्रुवारीत जावं आणि ज्याला पाण्याखालचं बघायचंय त्याने पावसाळ्यात. ऑफ सीझन वाईटच असतो असं नाही, तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे.

बरं, हे सगळं तपासायचं कसं? नुसतं 'या महिन्यात किती मिलिमीटर' बघू नका, पावसाचे दिवस किती ते बघा. दुपारी तासभर कोसळून मोकळं होणारं बेट परवडतं, चार दिवस भुरभुर आणि खवळलेला समुद्र परवडत नाही. मी काय करतो, गूगल मॅपवर त्या बीचचे रिव्ह्यू उघडतो, नवीन आधी असं लावतो आणि मागच्या वर्षी त्याच महिन्यात लोकांनी टाकलेले फोटो बघतो. हॉटेलच्या फोटोत बारा महिने ऊन असतं, गिऱ्हाइकाच्या फोटोत पाण्यात उतरू नका सांगणारा लाल झेंडा दिसतो. अंदमान-लक्षद्वीपला निघायच्या आठवड्यात हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, लाटा किती मीटर ते तिथे मिळतं.

दुसरं, बोट. बेटावर पोचणं हे हॉटेलपेक्षा महत्त्वाचं. समुद्र खवळला की पहिली बंद होते ती बोट, आणि आमच्या शेजारचे काका हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, अडकून त्यांचं परतीचं विमान गेलं ते याच कारणाने. नियम साधा आहे, शेवटची रात्र नेहमी विमानतळ असलेल्या बेटावर काढायची. तिथे काय बंद असतं तेही बघा. थायलंडची सिमिलान बेटं मे च्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. ग्रीसची सान्तोरिनीसारखी बेटं हिवाळ्यात निम्मी झोपलेली असतात, म्हणून पोरगा जर्मनीत आहे आणि डिसेंबरात त्याच्याकडे जाणार आहात तर ग्रीसऐवजी स्पेनची कॅनरी बेटं बघा, तिथे जानेवारीतही दिवसा वीसच्या आसपास असतं. आणि लांब कशाला, आपल्या मालवणात पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तरी दर जुलैत कोणीतरी धक्क्यावर उभं राहून वाद घालतंच.

पैशाचं म्हणाल तर २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ टाळा, बास. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे किंवा जानेवारीचा शेवट, तीच हवा, तोच समुद्र, भाव कितीतरी कमी. शाळा तीन-चार दिवस बुडते, आणि बुडू दे असं माझं मत आहे, बायकोचं नाही. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.

आणि फ्लाइट मुंबईहून असेल आणि महिना जुलै-ऑगस्ट असेल तर घाटात धुकं, दरड, ट्रक पलटी यातलं काहीतरी असणार हे धरून नेहमीपेक्षा तीन तास आधी निघा. बोट चुकली तर दुसरी मिळते, खंडाळ्यात अडकलात तर तिथली चिक्कीच मिळते.