कोकणातला मासा पुण्यापर्यंत गार कसा न्यावा

थर्माकोलचा डबा काहीही गार करत नाही. बाहेरची उष्णता आत यायला तो फक्त उशीर लावतो. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली की मासे नेण्याचं अर्धं काम सोपं होतं. बहुतेकांचं गणित नेमकं इथेच चुकतं. गरम मासा डब्यात घालायचा, वर दोन मुठी बर्फ टाकायचा, चिकटपट्टी मारायची आणि डबा आपलं काम करील असं धरून चालायचं. रात्रभराच्या प्रवासानंतर पुण्यात डबा उघडला की आत कोमट गुलाबी पाणी आणि मऊ पडलेला बांगडा.

मासा जितका शून्य अंशाजवळ राहील तितका टिकतो, आणि हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. शून्य अंशाला मासा ज्या वेगाने खराब होतो, त्याच्या साधारण चौपट वेगाने तो १० अंशांना खराब होतो. घरच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात, तिथेही वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून माशाला ‘थंड जागा’ पुरत नाही, वितळता बर्फ अंगाला लागावा लागतो. वितळणारा बर्फ शून्याच्या खाली जात नाही आणि संपेपर्यंत वरही जात नाही. इतका स्वस्त आणि इतका नेमका थर्मोस्टॅट दुसरा मिळणार नाही.

पायरी १: बर्फाचा हिशेब आधी करा

आपल्याकडच्या हवेत जुना ठोकताळा आहे: जेवढा मासा तेवढाच बर्फ. १० किलो माशाला १० किलो. ऐकताना जास्त वाटतं, म्हणून हिशेब मांडून बघू.

१ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. १ किलो मासा १ अंशाने गार करायला सुमारे ०.८५ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. समजा रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, आलेला १० किलो मासा ३० अंशांवर आहे. तो शून्यावर आणायला अडीचशे किलोकॅलरी, म्हणजे तीन किलोहून जास्त बर्फ गेला. अजून गाडीने स्टँडही सोडलेला नाही.

मग डब्याच्या भिंतींतून येणारी उष्णता. अडीच सेंटिमीटर जाडीच्या, १० किलो मासा आणि तेवढाच बर्फ मावेल अशा डब्यात तासाला पाव ते अर्धा किलो बर्फ जातो. तो डबा सावलीत आहे की तापलेल्या डिकीत, यावर ठरतं. दहा तासांचे अडीच ते पाच किलो धरा. पोचल्यावर तीन-चार किलो शिल्लक राहायला हवा, कारण उतरवणं, वाटणं, रिक्षा यांतही वेळ जातो. आता १० किलो जास्त वाटत नाहीत.

डबा घेताना आकारापेक्षा भिंतीची जाडी बघा. जाडी दुप्पट झाली की भिंतीतून वितळणारा बर्फ जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि डबा मालाच्या मापाचाच घ्या. अर्धा रिकामा मोठा डबा म्हणजे जास्त पृष्ठभाग आणि आत खेळणारी गरम हवा.

पायरी २: बर्फ कुठला, केवढा

लादीचा बर्फ घेऊन तो बारीक फोडून घ्या. मुठीएवढे खडे टाकले तर त्यांच्यामध्ये हवा राहते, मासा बर्फाला लागतच नाही, आणि प्रवासातल्या हिसक्यांनी खड्यांच्या कडा माशाचं अंग फोडतात. वाटाण्याएवढा चुरा सगळ्यात चांगला. गोणपाटात लादी गुंडाळून दांडक्याने ठोकली की काम होतं. बंदरावर फ्लेक आइस, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा बर्फ, मिळाला तर ठोकाठोकीही वाचते.

निळसर रंगाचा बर्फ दिसला तर घेऊ नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ पासून त्यात निळा रंग घालण्याचा नियम आहे. माशाला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. तो वितळून माशाच्या कल्ल्यांतून आणि पोटातूनच वाहणार असतो.

काही जण बर्फात मीठ टाकतात. कुल्फीवाल्याला ते शोभतं, आपल्याला नाही. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि मासा कडेकडेने गोठू लागतो. अर्धवट गोठून परत सुटलेलं मांस तव्यावर पाणी सोडतं. ड्राय आइसची, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचीही, ताज्या माशाला गरज नाही. त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असतं. तो आइस्क्रीमसारख्या गोठलेल्या मालासाठी, आणि बंद गाडीत त्याचा वायू साठतो ही वेगळी भीती.

पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकल्या तर चालतील का? आधीच गार झालेल्या, पिशव्यांत बांधलेल्या मालाला चालतील. गरम मासा मात्र त्या गार करू शकत नाहीत, कारण बाटली माशाला चार ठिकाणी टेकते आणि बाकी सगळी हवा.

पायरी ३: डब्यात जाण्याआधी मासा गार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला विचाराल तर बाकी सगळं थोडं कमीजास्त झालं तरी चालेल, हे गाळू नका.

आधी मासा कुठला ते विचारा. चार-पाच दिवस समुद्रात राहून आलेल्या ट्रॉलरचा मासा बर्फातच असतो, तो हाताला गार लागतो. रापणीचा किंवा सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या छोट्या होडीचा मासा जास्त ताजा, पण गरम. दापोलीजवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावात घेतलेली पाटी तासभर उन्हात राहिली असेल तर तिची ताजेपणातली आघाडी तिथेच संपली.

मोठ्या टपात किंवा बादलीत बर्फाचा चुरा घ्या, बर्फ बुडेल न बुडेल इतकं स्वच्छ पाणी घाला आणि मासा त्यात बुडवून ठेवा. पाणी माशाला सगळीकडून लागतं, त्यामुळे नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर गार करतं. बांगड्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तीन किलोच्या जाड सुरमईला मात्र मध्यापर्यंत गार व्हायला तास-दीड तास लागतो. वरून हात लावून गार वाटली तरी काट्याजवळचं मांस कोमट असतं. सुई असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर जाड भागात खुपसून बघा. ४ अंशांच्या खाली आला की मासा भरायला तयार.

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) आणि सुरमई यांच्या बाबतीत हे चवीपुरतं राहत नाही. हे मासे गरम राहिले तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. त्याने तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही आणि मासा दिसायला ठीक असू शकतो. म्हणून बांगडा पकडल्यापासून गार.

मोठा मासा असेल तर आतडी आणि कल्ले काढून पोट धुऊन घ्या, पोटात बर्फाचा चुरा भरा. छोटे मासे अख्खेच ठेवा. तुकड्या मात्र प्रवासाआधी करू नका. कापलेल्या बाजूवरून बर्फाचं पाणी वाहिलं की चव त्या पाण्याबरोबर जाते. तुकड्याच न्यायच्या असतील तर पातळ पिशवीत एका थरात पसरून बांधा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फ लागेल.

पायरी ४: रचणे

तळाला चार बोटं बर्फ. त्यावर माशाचा एक थर, पोट चिरलेला मासा असेल तर पोट खाली करून, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. मग बर्फ, मग मासा. थरांच्या मध्ये आणि चारही भिंतींना बर्फ हवा, कारण उष्णता भिंतीतूनच येते. बर्फाचा सगळ्यात जाड थर वर ठेवा. तो वितळून गार पाणी थराथरातून खाली झिरपतं आणि तेच खालच्या माशाला गार ठेवतं. झाकण लावताना दाबावं लागत असेल तर डबा जास्त भरलाय.

पाण्याचा प्रश्न उरतो. खरं तर पाणी बाहेर जायला तळाला भोक हवं, कारण मासा रात्रभर पाण्यात बसला की फिकट आणि मऊ होतो. पण गळणारा डबा कुठलाही बसवाला घेणार नाही, आणि शेजारच्याच्या बॅगेत कोळंबीचं पाणी गेलं तर वाद आपल्यावर. सार्वजनिक गाडीने जाणार असाल तर आत जाड पॉलिथिनचं अस्तर घाला आणि तळाला भोकांची प्लास्टिकची जाळी उलटी टाकून त्यावर थर रचा. पाणी जाळीखाली साठेल, मासा वर राहील. स्वतःची गाडी असेल तर भोक पाडा, त्याला बूच लावा आणि वाटेत चहाला थांबाल तिथे ते सोडून द्या. पाणी गेलं की वरून थोडा बर्फ भरा. एरवी डबा उघडून बघण्याचा मोह आवरा.

माकूल (स्क्विड) बर्फाच्या पाण्यात राहिलं की पांढरं फटक पडतं आणि चव सोडतं. ते पिशवीत बांधूनच बर्फात ठेवा. कोळंबीचं डोकं लवकर काळं पडतं. ती घेतल्या घेतल्या बर्फात गेली पाहिजे.

खेकडे आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांना या सगळ्यातलं काहीही लागू नाही. त्या जिवंत न्यायच्या असतात. बर्फात किंवा गोड्या पाण्यात त्या मरतात, आणि मेलेली तिसरी टाकूनच द्यायची. ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा लागेल असं ठेवा. खेकड्यांच्या नांग्या बांधलेल्या असू द्या.

पायरी ५: गाडीत

मागे इंजिन असलेल्या बसमध्ये डबा मागच्या डिकीत देऊ नका. मधली डिकी मागा. स्वतःच्या गाडीत उन्हात तापणाऱ्या डिकीपेक्षा सीटमागची जमीन बरी, तिथे एसीची हवाही पोचते. डब्यावर एखादी जुनी गोधडी टाका. माणसाला ऊब देते म्हणून ती डब्यावर टाकायला लोक कचरतात, पण ती उष्णता अडवते, कुठल्या बाजूने येते याच्याशी तिला देणंघेणं नाही. शक्य असेल तर रात्रीच निघा.

त्याच डब्यात बाकीचं सामान कोंबण्याचाही मोह होतो. हापूस तर नकोच. १२-१३ अंशांच्या खाली आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. आणि घरातल्या कुणाचं इन्सुलिन बरोबर असेल तर त्याची वेगळी पिशवी करा. त्याला २ ते ८ अंश लागतात, आणि बर्फाला चिकटून एकदा गोठलं तर ते फेकावं लागतं, परत सुटलं तरी वापरता येत नाही.

पायरी ६: घरोघरी वाटायचं असेल तर

हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डरी घेऊन मासे पोचवणारे बरेच आहेत. रात्रभर सांभाळलेला गारवा त्यांच्याकडून बहुतेक वेळा शेवटच्या दोन तासांत जातो, कारण प्रत्येक इमारतीखाली डबा उघडतो, आतला माल शोधायला हात फिरतो, झाकण तसंच बाजूला पडून राहतं.

ज्या घरी शेवटी जायचं त्याचा माल सगळ्यात खाली, पहिल्या घराचा सगळ्यात वर. प्रत्येक घराची पिशवी आधीच वजन करून, नाव लिहून तयार ठेवा, दारात वजनकाटा काढू नका. पंधरावीस घरं असतील तर एका मोठ्या डब्याऐवजी दोन छोटे करा. एक उघडेल, दुसरा बंद राहील. शेवटच्या पिशवीतल्या माशाला थर्मामीटर लावून बघण्याची सवय ठेवा. पहिल्या घरचा मासा गार असणारच, परीक्षा शेवटच्याची आहे. नियमित विक्री करत असाल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणीही करून घ्या.

डबा उघडल्यावर बर्फ शिल्लक असेल आणि मासा त्यात असेल तर काळजी नाही. बर्फ संपलेला, पाणीही कोमट, आणि आत बांगडा किंवा कुपा असेल तर तो टाका. वासावर जाऊ नका. पापलेट किंवा रावस असेल तर कल्ले, डोळे, मांस दाबून बघून ठरवता येतं, तरी तो त्याच दिवशी संपवा.

घरी पोचल्यावर लगेच शिजवायचा नसेल तर साफ करून एका जेवणापुरत्या पिशव्या करा आणि सरळ फ्रीझरमध्ये, एकमेकींवर न रचता. उद्यासाठी ठेवायचा असेल तर ताटात बर्फ घेऊन त्यावर, फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात. डब्यात उरलेला बर्फ त्यालाच वापरता येतो. सरबतात नको.

डबा त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवा, झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. चिरलेला किंवा कोपरा तुटलेला असेल तर पुढच्या खेपेला तो बर्फ दुप्पट खाईल, त्यापेक्षा नवा घ्या.