सील कापल्यावर खोट निघाली तर काय करायचं

मागच्या गणपतीत एक सील्ड खेळण्यातला रोबो घेतला, डबा एकदम कडक, घरी येऊन सील कापलं तर दोन्ही हात डावे! दुकानदार म्हणे, सील तुम्ही तोडलंत, आता आमचं काही नाही. हे ऐकून बरेच जण गप्प बसतात, बसू नका. 1930 च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम 16 बघा, तो माल विकणं हा ज्याचा धंदाच आहे त्याने धड माल द्यायला हवा, आणि गिऱ्हाइकाने तपासून घेतला असेल तरी दुकानदाराला सूट फक्त तपासताना दिसायलाच हवी होती अशा खोटीची. मग बंद डब्यातली खोट बाहेरून दिसणार कशी?

पण पुरावा हवा. कटर लावायच्या आधी मोबाईल स्टँडला लावा, डबा सगळ्या बाजूंनी फिरवा, टेप आणि कुरिअरचं लेबल जवळून दाखवा, आणि मग एकाच सलग व्हिडिओत उघडा, मध्ये कट नको. बिल मागून घ्याच. बिल न देणं आणि बिलावर परतीची मुदत नसेल तर 30 दिवसांत खराब माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही 2019 च्या ग्राहक कायद्यात अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस आहे. मी हेच व्हिडिओसकट व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं, तिसऱ्या दिवशी रोबो बदलून मिळाला.

नाहीच ऐकलं तर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन, तिथेही नाही जमलं तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार, दोन वर्षांच्या आत, आणि वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल तर फी शून्य. फक्त रीसेलसाठी घेतलेलं असेल तर तुम्ही ग्राहक धरले जात नाही, हे लक्षात ठेवा.

जुन्या पीसचं मात्र वेगळं. ऐंशी-नव्वदच्या काळातल्या काही ट्रान्सफॉर्मर्सचं (रूप बदलणारे खेळण्यातले रोबो) चकाकीवालं सोनेरी प्लास्टिक, सील न उघडताही, ठिसूळ होतं, हात लावला की बिस्किटासारखं तुटतं. असा पीस एखाद्या खेळणी जमवणाऱ्या कलेक्टरकडून घेत असाल तर कलम 16 कामाला येत नाही कारण तो काही दुकानदार नाही, पण त्याला माहीत असलेली खोट त्याने मुद्दाम दडवली तर ती फसवणूकच. म्हणून पैसे पाठवायच्या आधी लिहून विचारा: सील फॅक्टरीचंच आहे की पुन्हा केलंय, आतलं काही तुटलेलं माहितीये का? उत्तर आलं की लगेच स्क्रीनशॉट काढा, मेसेज नंतर डिलीट होतात.