घरावरून जाणारं विमान आणि सबलोडची जागा

आमच्या घराच्या गच्चीवरून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, येणारं-जाणारं विमान इतकं खालून जातं, की खिडक्या मोजता येतात. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी मी तिथंच उभा राहून बेंगळूरला निघालेलं विमान बघत होतो. खरं तर मी त्या विमानात असायला हवा होतो. काउंटरवरच्या पोरानं शेवटपर्यंत थांबवून घेतलं आणि मग मान हलवली, ‘सर, सीट इल्ला.’ मोटारसायकलला बॅग बांधून घरी पोचलो, गच्चीवर चढलो, तेवढ्यात ते डोक्यावरून गेलंसुद्धा. आई खालून ओरडली, ‘दारातनं विमान जायलंय आणि पायलट पोरगा रातच्या रेल्वेनं जाणार! काय गा हे?’

काय हे, तेच सांगायला बसलोय.

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं सांबऱ्याला दोन फ्लाइंग स्कूलना जागा दिली. तेव्हापासून आमच्या भागातली बारावी सायन्सची पोरं रस्त्यात गाठून विचारतात. पायलटच्या मेडिकल तपासणीला चष्मा चालतो का, मेटिऑरॉलॉजी अवघड की नेव्हिगेशन, उड्डाणाच्या दोनशे तासांना किती लाख लागतात. या प्रश्नांची उत्तरं द्यायला क्लासवाले बसलेत. नोकरी लागल्यावर राहणार कुठं, हे मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही. ते मीही कुणाला विचारलं नव्हतं.

कंपनी तुम्हाला एक ‘बेस’ देते. ड्युटी तिथून सुरू होते आणि तिथंच संपते. माझा बेस बेंगळूर आहे. बायको टिळकवाडीतल्या शाळेत शिक्षिका, वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, पोरीची शाळा इथलीच. घर हलवायचं नाही असं ठरलं आणि मी ‘कम्यूटर’ झालो. म्हणजे घर एका शहरात, बेस दुसऱ्या शहरात, आणि मधलं अंतर आपलं आपण कापायचं. अमेरिकेत असे पायलट हजारोंनी आहेत. आपल्याकडेही आहेत, फक्त त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता जागेची भानगड. विमान कंपन्यांचे एकमेकींशी करार असतात. त्यांतून दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यालाही सवलतीचं ‘आयडी तिकीट’ मिळतं, पण ते बहुतेक वेळा स्टँडबाय असतं. आमच्या भाषेत, ‘सबलोडवर जायचं’. अर्थ एवढाच, की पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले आणि तरी जागा उरली, तर तुम्ही. त्या उरलेल्या जागेलाही रांग असते. आधी त्या कंपनीचा ड्युटीवर जाणारा क्रू, मग त्यांचे सुट्टीवरचे कर्मचारी, ज्येष्ठतेनं. सगळ्यात शेवटी परक्या कंपनीचे, म्हणजे आपण. खांद्यावर पट्ट्या किती आहेत याला तिथं काही किंमत नाही. माझ्या पुढं एकदा त्यांच्या तिकीट विभागातला परवाच लागलेला पोरगा बसून गेला. नियमानं ते बरोबरच होतं.

नव्यांची पहिली चूक इथं होते. बुकिंगच्या ॲपवर सीटचा नकाशा उघडतात, दहा चौकोन मोकळे दिसतात आणि निर्धास्त होतात. मोकळे चौकोन म्हणजे जागा न निवडलेली माणसं. खरा आकडा लोडचा, म्हणजे प्रत्यक्षात किती तिकिटं गेली त्याचा, असतो आणि तो त्या कंपनीतल्या माणसालाच दिसतो. दुसरं म्हणजे, खुर्ची मोकळी असली तरी वजन मोकळं असेलच असं नाही. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. एप्रिलमधल्या दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाचा आणि पंखांचा जोर कमी पडतो, त्यामुळं उडताना वजनावर मर्यादा येते. पावसाळ्यात बेंगळूरला हवा खराब असली की लांबच्या विमानतळापर्यंत पुरेल इतकं जादा इंधन भरावं लागतं, आणि तेही वजनच. एटीआरसारख्या सत्तर-ऐंशी सीटांच्या विमानात हा हिशेब फार कडक. तीन खुर्च्या रिकाम्या दिसत असताना मला उतरवलेलं आहे. बसल्यावर उतरवलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. बॅग केबिनमध्ये मावेल एवढीच न्यायची. ती खाली टाकलीत आणि तुम्हाला उतरवलं, तर ती शोधण्यात विमानाला उशीर होतो आणि पुढच्या वेळी ते लोक तुमचा चेहरा लक्षात ठेवतात.

बेळगावचं आणखी एक खास पंचांग आहे, ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. गणपती, दिवाळी, मे महिन्यातले मुहूर्त, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, की बेंगळूरची विमानं आमदार, अधिकारी, पत्रकार आणि त्यांच्यामागच्या माणसांनी भरून जातात. त्या दिवसांत सबलोडचं नावही काढू नका. रेल्वेचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवा. (अधिवेशनावर आपल्या लोकांची मतं काय आहेत, ते इथं नको. माझी तक्रार फक्त सीटची.)

आता जंपसीट. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागं घडीची एक खुर्ची असते, मोठ्या विमानांत दोन. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीचा वैमानिक गेटवर ओळखपत्र दाखवतो, तो खरंच नोकरीत आहे का हे संगणकावर तपासलं जातं, मग तो कॅप्टनची परवानगी मागतो आणि त्या खुर्चीत बसून घरी जातो. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर परक्या वैमानिकांना हे दार बंद झालं होतं, तपासणीची ही व्यवस्था आल्यावर पुन्हा उघडलं. आपल्याकडे मामला बराच आवळलेला आहे. कॉकपिटमध्ये कोण बसू शकतं हे डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम आणि त्या कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल ठरवतं, आणि शेवटचा शब्द कमांडरचा. ‘आपलाच बॅचमेट आहे, आत बसव की’ हा प्रकार कधीही करू नका, कुणाला करायलाही लावू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत दुबई-दिल्ली फ्लाइटवर एका कॅप्टननं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं, कंपनीला ३० लाखांचा दंड बसला.

त्या खुर्चीबद्दल दोन गोष्टी मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं एक बोइंग ७३७ मॅक्स विमान बालीहून जकार्ताला निघालं. उड्डाणानंतर विमान सारखं नाक खाली घालू लागलं. जंपसीटवर सुट्टीचा एक वैमानिक बसला होता. पुढचे दोघं धडपडत असताना मागून बघणाऱ्या त्या तिसऱ्याला ट्रिमचं, म्हणजे नाक वर-खाली धरून ठेवणारं, चाक आपोआप फिरतंय हे कळायला मदत झाली. ते फिरवणाऱ्या मोटरचा वीजपुरवठा तोडला आणि विमान सुखरूप पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान वेगळ्या क्रूबरोबर उडालं, तेव्हा मागं तिसरं कुणी नव्हतं. १८९ माणसं गेली.

दुसरी गोष्ट २२ ऑक्टोबर २०२३ ची, अमेरिकेतली. जंपसीटवरून घरी परतणाऱ्या एका वैमानिकानं चालत्या विमानात दोन्ही इंजिनांचे फायर हँडल (ते ओढले की इंजिन बंद पडतं) ओढायचा प्रयत्न केला. क्रूनं त्याला आवरलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. खुर्ची तीच. म्हणून कमांडर तुमच्याकडे आधी नीट बघून घेतो, दोन वाक्यं बोलून बघतो, याचा राग धरू नका.

परवानगी मिळून आत बसायची वेळ आलीच, तर ऑक्सिजन मास्क आणि बाहेर पडायची वाट आधी समजून घ्या. दहा हजार फुटांच्या खाली तोंडातून शब्द काढायचा नाही, मात्र धोक्याचं काही दिसलं तर गप्प राहायचं नाही. फोटो नाही, स्टेटस नाही. मागं केबिनमध्ये सीट मिळाली, तरी चढताना क्रूला सांगा की मी अमुक कंपनीचा फर्स्ट ऑफिसर, सबलोडवर आहे, आणि उतरताना आभार माना. मी कधीकधी कुंद्याचा छोटा डबा नेतो. तो देतो उतरताना. चढताना दिला की त्याचा वास वेगळा येतो.

आता जे सांगायला जड जातं ते. गच्चीवरून विमान बघितलं त्या रात्री रेल्वेचं वेटिंगही निघालं नाही. स्लीपर बस पकडली. हुबळी-धारवाड बायपासला ट्रक उलटलेला, तासभर तिथंच. वरच्या बर्थवर एसीचं पाणी पायावर ठिबकत होतं. सकाळी उतरून तसाच देवनहळ्ळीला एअरपोर्टवर गेलो, दाढी केली, युनिफॉर्म चढवला. ब्रीफिंगला कॅप्टननी इंधनाचा आकडा विचारला. मी वाचला. त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा वाचला, आणि दोन्ही वेळा वरच्या ओळीतला चुकीचा आकडा वाचला. त्यांनी टॅब्लेट पालथा घातला आणि हळू आवाजात विचारलं, ‘रात्री झोपला होतात?’ मी खरं सांगितलं. माझ्याजागी स्टँडबाय वैमानिक बोलावला गेला. दुपारी ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांचा फोन आला, ‘घर तिकडं ठेवा म्हणून आम्ही सांगितलं होतं काय?’ बोलण्याची रीत वाईट होती. पण प्रश्न बिनतोड होता.

कारण नियमांच्या वहीत ती रात्र ‘विश्रांती’च होती. कंपनीनं तुम्हाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवलं, तर तो प्रवास ड्युटीत मोजला जातो. तुम्ही स्वतःच्या घरून बेसवर आलात, तर घड्याळ रिपोर्टिंगपासून सुरू. बर्थवर तळमळत काढलेले दहा तास आणि घरच्या अंथरुणातले दहा तास, कागदावर सारखेच. २००९ च्या १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० माणसं गेली. त्यातली को-पायलट आदल्या रात्री सिॲटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून बेसवर, नेवार्कला, आली होती. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिक्रियेवर आला, पण दोघांच्या थकव्याचीही नोंद झाली आणि कम्यूटिंगचा विषय तिथून ऐरणीवर आला. युरोपातल्या मार्गदर्शनात तर घर ते बेस नेहमी दीड तासाहून जास्त लागत असेल, तर बेसजवळ तात्पुरती राहायची सोय करा, असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिलो. पण त्या ४८ तून सांबऱ्याच्या काउंटरवरचे, चुकलेल्या फ्लाइटचे आणि आदल्या दिवशी परत निघायचे तास वजा करा. पोरीबरोबर एक जेवण आणि एक झोप उरते.

त्यानंतर मी काय बदललं? तिघा जणांत बेंगळूरला यलहंकेत एक खोली घेतली. अमेरिकन लोक याला क्रॅशपॅड म्हणतात. आमच्याकडे तीन गाद्या, एक कुकर आणि काळे पडदे आहेत. पडदे सगळ्यात महाग पडले आणि सगळ्यात उपयोगी ठरले. पहाटेची ड्युटी असेल, तर आदल्या दुपारपर्यंत तिथं पोचायचंच. शेवटच्या फ्लाइटवर भरवसा ठेवायचा नाही, तिच्या आधीच्या फ्लाइटसाठी जायचं, म्हणजे ती हुकली तरी एक हातात राहते. शेवटच्या विमानासाठी थांबणं म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. आणि विमानतळ एकच धरून बसायचं नाही. बेळगावचं एक बरं आहे, की हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत, गोव्यात मोपा आणि दाबोळी असे दोन पर्याय आहेत. गोव्याहून बेंगळूरला फ्लाइटा भरपूर. फक्त पावसाळ्यात चोर्ला घाटाचा भरवसा धरू नका, दरड आली की दिवस गेला. परतीचं पक्कं तिकीट स्वतःच्या पैशानं काढायलाही लाजू नका. सुरुवातीला मला वाटायचं, पायलट असून तिकीट कसलं काढायचं? महिन्याला दोन पक्की तिकिटं हा आता माझ्या घरखर्चातला भाग आहे, दुधाच्या बिलासारखा.

घर बांधायचं असेल तर आणखी एक. विमानाचं वेळापत्रक बघून प्लॉट घेऊ नका. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं केलेली ही धावपट्टी, २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता झालं. पुढच्याच वर्षी विमानं हुबळीकडे वळली आणि गावात ओरड सुरू झाली. नंतर केंद्र सरकारच्या उडान योजनेतून पुन्हा नवी शहरं जोडली गेली. हे असंच वर-खाली होत राहणार. मी इथं राहतो ते आई-वडिलांसाठी. फ्लाइट आहे म्हणून राहिलो असतो, तर आतापर्यंत तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं असतं.

परवा सकाळी सहाला ड्युटी आहे, म्हणून उद्या दुपारच्या विमानाला सबलोडसाठी नाव लिस्ट केलंय. ओळखीच्या पोरानं लोड कळवला, पाच जागा मोकळ्या, त्यांचा स्टाफ तीन. मी चौथा. हवामान खात्यानं पाऊस सांगितलाय. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीटही आजच्या रात्रीचं काढून ठेवलंय. संध्याकाळी लोडचा आकडा पुन्हा बघेन, आणि सहाच्या आत काय ते ठरवेन.