परदेशात लग्न करताय? हॉल बुक करायच्या आधी या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो. आम्ही दोघं वेगळ्या देशांचे, लग्न तिसऱ्याच देशात करतोय, हॉल बुक झाला, फोटोग्राफर ठरला, तिकिटं काढली, आता फक्त कागदपत्रं काय लागतात तेवढं सांग. फक्त! दर वेळी तेच उत्तर टाईप करून कंटाळा आला म्हणून आता एकदाच लिहून टाकते. माझा पासपोर्ट एक, नवऱ्याचा दुसरा, त्यात त्याचा आधी एक घटस्फोट झालेला, त्यामुळे यातल्या बऱ्याचशा चुका आम्ही स्वतः करून बसलोय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात सगळे कागद लवकर काढून ठेवणं. लोकांना वाटतं आधीच काढले की निर्धास्त. पण हे कागद शिळे होतात हो! या व्यक्तीच्या लग्नाला कायद्याने काही अडचण नाही असा जो दाखला लागतो त्याला मुदत असते, जर्मनीत तर तो निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लग्न लागावं लागतं. फ्रान्समध्ये जन्मदाखल्याची प्रत तीन महिन्यांच्या आतली लागते, परदेशातली असेल तर साधारणपणे सहा. आमच्याकडेही ताजी प्रत मागितली तेव्हा 'जन्मतारीख काय दर तीन महिन्यांनी बदलते का' असं नवरा काउंटरवर बोलून गेला, पलीकडच्या बाई अजिबात हसल्या नाहीत. नंतर कळलं की बऱ्याच देशांत जन्माच्या नोंदीशेजारीच लग्न, घटस्फोट असं सगळं लिहून ठेवतात, म्हणजे ताजी प्रत मागतात ती तुम्ही अजून मोकळे आहात ना हे बघायला.

तर आमचं काय झालं, मी माझा लग्नाला अडचण नसल्याचा दाखला पहिल्याच महिन्यात काढला आणि फाईलला लावून मोठ्या ऐटीत बसले. नवऱ्याकडे घटस्फोटाचा कोर्टाचा निकाल होता. रजिस्ट्रार म्हणाल्या, निकाल ठीक आहे पण तो अंतिम झालाय, अपिलाची मुदत संपलीय, हे कुठे लिहिलंय? नव्हतंच लिहिलेलं. तो वेगळा शिक्का असतो हे त्यालाही माहीत नव्हतं आणि घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती! कोर्टाकडे अर्ज, मग वाट बघणं, मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का), मग भाषांतर, यात अडीच-तीन महिने गेले आणि सगळं हातात आलं तेव्हा माझ्या दाखल्याची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मी नवीन काढला, तोवर त्याचा जन्मदाखला जुना झाला. कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे फिरतं ना, अगदी तसं. तारीख पुढे ढकलली, पाहुण्यांची तिकिटं वाया गेली, आणि त्यातल्या एक मावशी अजून टोमणे मारतात.

तेव्हापासून माझी सवय अशी की फाईल कधी जमा करायची ती तारीख कागदावर सगळ्यात खाली लिहायची आणि तिथून उलटं वर जायचं. ज्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो आधी सुरू करायचा, ज्याची मुदत सगळ्यात कमी तो शेवटी. आणि एक प्रश्न ऑफिसला ईमेलवरच विचारायचा, फोनवर नाही: मुदत फाईल जमा करायच्या दिवशी बघता की लग्नाच्या दिवशी? उत्तर लेखी हातात ठेवा, काउंटरवरचा माणूस बदलला की नियमही बदलल्यासारखे वाटतात.

आता अपोस्टिल. यावर मी तासभर बोलू शकते, पण आवरते. १९६१ च्या हेग करारातून आलेला हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की या कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि मोहर खरी आहे. आतला मजकूर खरा आहे असं तो म्हणत नाही. नवे लोक करतात काय, घाईघाईत आधी भाषांतर करून घेतात आणि मग मूळ कागदावर अपोस्टिल मारून आणतात, मग रजिस्ट्रार म्हणतात या अपोस्टिलचं भाषांतर कुठंय, आणि परत पैसे. आधी मूळ कागद, मग त्यावर अपोस्टिल, मग दोन्हीचं मिळून भाषांतर, हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. भाषांतर कुणाचं चालतं तेही आधी विचारा, कित्येक देशांत त्यांच्याच यादीतला शपथबद्ध भाषांतरकार लागतो, तुमच्या मित्राने कितीही छान केलेलं असलं तरी.

आणि यातली खरी गंमत आम्हाला काउंटरवर कळली. माझा दुसरा दाखला मी लग्नाच्या देशातल्या आमच्या वकिलातीतून घेतला, पटकन मिळाला म्हणून खूश, आणि तो घेऊन अपोस्टिलच्या रांगेत दोन तास उभी राहिले. नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने कागद बघितला आणि परत सरकवला. वकिलातीने दिलेल्या कागदावर अपोस्टिल मारताच येत नाही म्हणे, करारातच तसं आहे. आणि खरंच आहे, पहिल्याच कलमात वकिलातींचे कागद वगळलेत. तो कागद तिथल्या परराष्ट्र खात्याकडून वेगळा प्रमाणित करून घ्यावा लागला, ते ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि दुपारी बंद. शॉर्टकट म्हणून वकिलातीत जाणाऱ्यांनो, आधी हे विचारून घ्या.

जुने सल्लेही तपासून बघा. चीन या अपोस्टिलच्या करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून, त्याआधी तिथून लग्न करून आलेल्या ताईदादांनी सांगितलेली चार ठिकाणच्या शिक्क्यांची कहाणी तेव्हा खरी होती, आता नाही. युरोपियन युनियनच्या देशांमध्ये एकमेकांच्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांना फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिल लागतच नाही, तरी लोक पैसे भरून मारून आणतात.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप लग्न उरकू असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न करताच येत नाही, त्यासाठी वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा असतो, आणि वर किमान २८ दिवसांची नोटीस, ती ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. वीकेंडला जाऊन होणारं काम नाही ते.

अमेरिकेचा फियान्से व्हिसा, म्हणजे के-१, ज्यांचा चालू आहे त्यांनी तर मध्येच कुठेतरी जाऊन 'छोटंसं लग्न' अजिबात करू नका. तो व्हिसा लग्न न झालेल्यांसाठी असतो, तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं असतं. आधीच केलंत तर तो अर्ज गेला, नवरा-बायकोचा वेगळा अर्ज पहिल्यापासून.

समुद्रकिनाऱ्यावरचं पॅकेज घेताना एकच विचारा: लग्न कोण नोंदवणार? बऱ्याच पॅकेजमधे ते नुसतं प्रतीकात्मक असतं, फुलं, फोटो आणि एक सुंदर कागद ज्याला कायद्यात काही किंमत नाही. थायलंडमध्ये जिल्हा कार्यालयात नोंद झाली की लग्न झालं, जपानमध्ये तर अर्ज स्वीकारला की झालं, समारंभ केला नाही तरी चालतं.

डेन्मार्क सोपं आहे हे खरं, पण 'दोन दिवसांत होतं' म्हणून डायरेक्ट विमानात बसू नका. २०१९ पासून परदेशी जोडप्यांना आधी तिथल्या कुटुंबविषयक एजन्सीकडे अर्ज करावा लागतो, मंजुरीचं सर्टिफिकेट मिळतं, ते चार महिने चालतं आणि तेवढ्यात लग्न करायचं. एजंट तोच फॉर्म भरतो जो तुम्ही स्वतः भरू शकता, फक्त घाबरवून पैसे जास्त घेतो, माझं मत आहे, पटत नसेल तर द्या पैसे.

पासपोर्टवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं असेल तर आजच दुरुस्त करायला टाका. इटलीत लग्न करणाऱ्या घटस्फोटित बायकांनी ३०० दिवसांचा नियम (घटस्फोटानंतर पुन्हा लग्नाआधी थांबायची मुदत) बघून घ्या. दुभाषी म्हणून बहीण चालेल असं गृहीत धरू नका. आणि लग्न झालं म्हणजे राहायचा परवाना मिळाला असं नसतं, तो अर्ज वेगळा, फाईल वेगळी.

लग्नाच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती तिथेच जास्तीच्या मागून घ्या, आणि एकाच कागदावर अनेक भाषांत छापलेला दाखला मिळत असेल तर तोच घ्या, काही देशांत १९७६ च्या व्हिएन्ना करारामुळे मिळतो. दोघांच्या देशांत नोंद करायला एकेक, व्हिसाला एक, बँकेला एक. आम्ही दोनच घेतल्या होत्या, दोन्ही दोन ऑफिसांनी ठेवून घेतल्या आणि तिसरीसाठी पोस्टाने अर्ज पाठवून सात आठवडे बसून राहिलो.